रविवारची वेणी

चर्चच्या मंडळीत तिला सगळे पार्लरवाली म्हणत. बावीस वर्षं एकाच गल्लीत, एकाच आरशासमोर उभं राहून तिने लोकांचे केस कापले होते. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी दहा दिवसांच्या मिशनला कोण येणार, असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विचारलं, तेव्हा तिने हात वर केला नाही. गाणी शिकवायला गळा नाही, बायबलच्या गोष्टी सांगायची सवय नाही. ती करणार काय तिथे?

"कात्री घेऊन या," पाळकसाहेब म्हणाले.

"उवा घेऊन परत येऊ नकोस म्हणजे मिळवलं," नवरा हसला.

वस्ती भंगाराच्या गोदामांमागे होती. पत्र्याच्या घरांच्या दोन रांगा, मध्ये एक नळ आणि टोकाला शाळेची एकुलती एक खोली. दुपारी शाळा सुटली की मिशनची माणसं तिथे मुलांना गाणी शिकवत, चित्रं काढून घेत. पार्लरवालीने दाराबाहेर सावलीत प्लास्टिकची खुर्ची मांडली. पहिल्याच दिवशी डोकी पाहून तिने कपाळाला हात लावला. उवा, लिखा, खाजवून खाजवून झालेल्या जखमा.

शनिवारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी खुर्चीत येऊन बसली. कमरेपर्यंत दोन वेण्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिला सगळे चिमणी म्हणत.

"सगळे कापा. एकदम बारीक!"

"आईला विचारलंस?"

"आई काही म्हणत नाही."

पार्लरवालीचा हात क्षणभर थांबला. पण कानामागची कातडी जखमांनी ओली झाली होती, रांगेत अकरा मुलं उभी होती. तिने वेण्या कापल्या.

संध्याकाळी चिमणीची आई आली. ती गोदामात बाटल्या निवडायची. हातमोजे अजून हातातच होते. ती ओरडली नाही.

"कुणाला विचारून कापले?"

पाळकसाहेब पुढे झाले. "बाई, डोक्यात जखमा होत्या. पोरीच्या भल्यासाठीच..."

"तुमच्या पोरीचे कापले असते का यांनी, तुम्हाला न विचारता?"

मुलीचा हात धरून ती निघून गेली.

"उद्या एक छानसा फ्रॉक पाठवू," पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "राग निवळेल."

"फ्रॉक नको," पार्लरवाली म्हणाली. "मीच जाते."

रविवारी उपासना झाल्यावर ती गेली. आई दारात कपडे धूत होती. तिने मान वर केली, पण बसा म्हणाली नाही.

"माझं चुकलं," पार्लरवाली उभ्यानेच म्हणाली. "पोर हो म्हणाली, पण विचारायचं तुम्हाला होतं. माझ्या दुकानात मी असं कधीच केलं नसतं."

"मग इथे का केलं?"

"वाटलं, इथे कोण विचारणार."

आईचे हात थांबले. ती म्हणाली, "आठवडाभर मी पोरी उठायच्या आत निघते. रविवारी सकाळी चिमणीला पुढ्यात घेऊन विंचरत बसते, दोन तास. उवा सगळ्या निघत नाहीत, दिसतंय मला. पण तेवढ्यात ही आठवड्याचं सगळं सांगते. कोणी मारलं, कोण रडलं, बाईंनी काय शिकवलं. आज उठली नि म्हणाली, आता काय विंचरणार तू?"

पार्लरवालीचे डोळे भरून आले.

"रडू नका. अजून अर्धी बादली कपडे आहेत माझे."

आत धाकटी मुलगी डोकं खाजवत बसली होती. पार्लरवालीने तिच्याकडे पाहिलं आणि हात मागेच ठेवला. "तुम्ही हो म्हणालात तर हिचं डोकं बघते."

"मी करते. तुम्ही दाखवा."

मग तिने दाखवलं. केस ओले करून तेल लावायचं, बोटभर रुंदीचे भाग पाडायचे, फणी मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. आईला दुसऱ्या खेपेलाच जमलं. चिमणी आधी लांब बसली होती. मग सरकत सरकत आईच्या गुडघ्याला टेकली आणि गाणं शिकवणाऱ्या ताईची नक्कल करायला लागली. आई हसली, पार्लरवालीकडे न बघता.

सोमवारपासून पार्लरवालीने खुर्ची संध्याकाळी मांडली, बायका कामावरून परतायच्या वेळी. ती आयांना फणी कशी फिरवायची ते शिकवू लागली. एखादी म्हणालीच तर कात्री काढायची.

"संध्याकाळी आपली प्रार्थना असते," पाळकसाहेब कुरकुरले.

"साहेब, प्रभूला सवड आहे. या बायांना नाही."

मिशनच्या अहवालात लिहायला केस कापलेल्या मुलांचा आकडा अगदीच किरकोळ भरला. पाळकसाहेबांनी तो तसाच लिहिला.

शेवटच्या संध्याकाळी चिमणीची आई एकटीच आली आणि खुर्चीत बसली. "माझं डोकं धुऊन द्या. लग्नाआधी आई धुऊन द्यायची, त्यानंतर कुणी नाही."

पार्लरवालीने पाणी कोमट केलं, मानेखाली टॉवेलची घडी ठेवली. केसांत काचेची बारीक धूळ होती, म्हणून तिने आधी नुसतंच पाणी सोडलं, बराच वेळ. माफ केलं असं आई म्हणाली नाही. पार्लरवालीनेही विचारलं नाही. दुसऱ्यांदा साबण लावताना तिच्या लक्षात आलं, बाईचा श्वास जड झालाय. ती झोपली होती.

मागे रांगेतल्या बायकांची गडबड चालली होती. पार्लरवालीने ओठांवर बोट ठेवलं, आणि एकेक करून सगळ्या गप्प झाल्या.