रविवारी पाण्यात, सोमवारी डेपोत

नट हलत नव्हता आणि अख्खं वर्कशॉप तोफेच्या तोंडाकडे बघत होतं.

तोफ म्हणजे बसडेपोचा हेडमिस्त्री. हे नाव त्याला कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं. गंजलेला नट असो, उशिरा आलेला स्पेअर पार्ट असो, नाहीतर दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणारा आणि संध्याकाळी ब्रेक लागत नाही म्हणून तक्रार करणारा ड्रायव्हर असो, तोफेकडे सगळ्यांवर एकच औषध होतं. त्याच्या शिव्या ऐकायला नवे लोक मुद्दाम जवळ यायचे आणि जुने मुद्दाम लांब जायचे. आज मात्र तो बसखाली उताणा पडून, ओठ घट्ट मिटून पाना ओढत होता. कपाळावरची शीर फुगली होती. शेवटी नट सुटला. तोफ बाहेर सरकला, चिंधीला हात पुसत म्हणाला, "सुटला."

"एवढंच?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. "तब्येत बरी आहे ना, मिस्त्री?"

तब्येतीला काही झालं नव्हतं. आदल्या दिवशी, रविवारी, तोफेने बाप्तिस्मा घेतला होता.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात, आपल्या तोंडाने कबूल होऊन माणसाने पाण्यात उतरायचं असतं. बहुतेक जण मिसरूड फुटायच्या सुमाराला उतरतात. तोफेच्या मिशा पिकल्या तरी तो बाकावरच बसून होता. दर वर्षी चर्चचे पाळकसाहेब विचारायचे आणि दर वर्षी हा म्हणायचा, रिटायर होऊ द्या. त्याचं म्हणणं साधं होतं. पाण्यातून वर आलेला माणूस नवा असतो. नव्या माणसाला शिवी शोभत नाही आणि शिवीशिवाय डेपो चालत नाही. नवा पांढरा शर्ट घालून कोणी बसखाली शिरतं का?

मग बायकोच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली, मग बसायला लागली, आणि डॉक्टरांनी गुरुवारी ऑपरेशन ठरवलं. तिने बाप्तिस्म्यासाठी त्याच्यामागे कधी भुणभुण केली नव्हती. या वेळीही एवढंच म्हणाली, की एकदा बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यावर रिटायर होऊ द्या असं म्हणायची तोफेची हिंमत झाली नाही.

चर्चमध्ये पुढच्या फळ्या उचलल्या की खाली हौद आहे. पाळकसाहेबांनी छातीभर पाण्यात त्याला मागे झुकवलं, नाकातोंडावर पाणी आलं, आणि तेवढ्यात तोफेने देवाशी सौदा केला. गुरुवारपर्यंत माझ्या तोंडातून एक शिवी निघणार नाही. तू तिला जगव. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे हे कोणी ऐकलं नाही. तो वर आला तेव्हा पहिल्या बाकावर शाल पांघरून बसलेली बायको आनंदाने रडत होती. आपण कशावर सही करून आलोय ते तिला माहीत नव्हतं.

म्हणून सोमवारपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी बायकोला हॉस्पिटलात भरती करून तो कामावर आला तो काचेचं भांडं उचलून चालल्यासारखा. डेपोत कोणी म्हणालं, नव्याचे नऊ दिवस. एका ड्रायव्हरने तर मुद्दाम क्लच बिघडल्याची खोटी तक्रार केली आणि बाकीचे गंमत बघायला जमले. तोफेने क्लच तपासला, चांगला आहे म्हणाला आणि निघून गेला. जमलेल्यांचा अगदी हिरमोड झाला. मंगळवारी त्याच्या मनात एका माणसाबद्दल 'गाढव' असा शब्द आला. हे जनावर झालं की शिवी, आणि मनातली धरतात की नाही, याचा विचार करता करता त्याचं जेवण तसंच राहिलं. संध्याकाळी हॉस्पिटलात तो आधी बायकोच्या सुजलेल्या पावलांकडे बघायचा आणि मग दिवसभर आपण काय काय बोललो ते आठवायचा.

बुधवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, झडप वाटली होती त्यापेक्षा जास्त खराब आहे. ते ऐकून तो डेपोत आला, तर आदल्या दिवशी वेल्डरने जोडलेला ब्रॅकेट पुन्हा तुटून पडला होता.

वेल्डर हा तोफेचा सर्वांत जुना सोबती. अबोल माणूस. फार वर्षांपूर्वी त्याची बायको त्याला सोडून गेली होती आणि डेपोत कितीही वाह्यात गप्पा रंगल्या तरी तो विषय कोणी काढत नसे. तोफही नाही. त्या दिवशी गाडी अडकली होती, वरच्या ऑफिसातून माणसावर माणूस येत होता. तोफेने तुटका ब्रॅकेट उचलला. सगळे थांबले. तो दातांवर दात दाबून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुला एक जोड धड टिकवता येत नाही. बायको तरी कशी टिकणार होती?"

वाक्यात एकही शिवी नव्हती. पहिल्यांदा तोफेला तेवढंच जाणवलं आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. मग त्याने वेल्डरकडे पाहिलं. वेल्डरने मास्क बाकड्यावर ठेवला, हातमोजे काढून त्याशेजारी ठेवले आणि तो गेटमधून बाहेर निघून गेला. बाकीचे जे ते आपापल्या कामाला लागले. कोणी तोफेच्या नजरेला नजर देईना.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तोफ चर्चमध्ये गेला. पाळकसाहेब शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होते. त्यांना खाली उतरूही न देता त्याने सगळं सांगितलं, पाण्याखालच्या सौद्यासकट. शिवी दिली नव्हती, तरी मोडला का? आणि मोडला असेल तर आज रात्रीच्या आत पुन्हा पाण्यात घ्याल का? हौद मी एकटा भरतो, तुम्ही फक्त उभे राहा.

पाळकसाहेब खाली उतरले. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, सौदा तू केलास, देवाने नाही. तिचा जीव तुझ्या जिभेला बांधलेला नाही. तोफेला ते पटलं नाही. त्याला हौद हवा होता.

"बाप्तिस्मा पुन्हा होत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तुझं लग्न एकदाच झालं ना? बायकोशी भांडलास की पुन्हा लग्न लावतोस का?"

"नाही."

"मग काय करतोस?"

तोफेने विचार केला. "मी काही करत नाही. ती चहा आणून ठेवते."

पाळकसाहेबांनी विचारलं, "इतकी वर्षं?"

"हो."

"मग आता शिकायला लागेल तुला," ते म्हणाले. "पाण्यात एकदा उतरायचं असतं. पण हे रोजचं आहे. आधी वेल्डरकडे जा."

वेल्डरची खोली एकाच माणसाची होती. एक खुर्ची, एक ताट. तोफ दारात उभा राहिला. इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना. मग खाली बघत तो म्हणाला, "चुकलो."

"शिवी दिली असतीस तर चाललं असतं," वेल्डर म्हणाला.

"कळलं मला. चुकलो."

वेल्डरने त्याला आत बोलावलं नाही. जाऊ दे, असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "उद्या वहिनींचं ऑपरेशन ना? जा, उशीर होईल." आणि दार लावून घेतलं, पण आपटलं नाही.

हॉस्पिटलात त्याने बायकोलाही सौद्याची गोष्ट सांगितली. सांगताना तो घाबरला होता. ती उशीला टेकून ऐकत होती. आधी तिला हसू आलं आणि हसताना धाप लागली. मग ती गंभीर झाली.

"माझं ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत, तुमची जीभ नाही," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी उतरलात का हो पाण्यात? मग काय उपयोग?"

"उतरलो तुझ्यासाठीच," तो म्हणाला. "आता कशासाठी आहे ते माहीत नाही."

या उत्तराने तिचं समाधान झालेलं दिसलं. तिने त्याचा हात धरला. बोटांत मुरलेलं ग्रीस कधीच निघत नसे, त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली. त्याला आणखी एक बोलायचं होतं, इतक्या वर्षांच्या चहाबद्दल. पण भेटीची वेळ संपली, नर्स दारात येऊन उभी राहिली आणि तोफेने ठरवलं, की शुद्धीवर आली की सांगू.

ऑपरेशन झालं. नवी झडप बसली, पण बाकीचं हृदय थकलेलं होतं. ती नीट शुद्धीवर आलीच नाही. शनिवारी पहाटे गेली.

मातीला डेपोतले सगळे आले. वेल्डर मागे उभा होता आणि शेवटी त्याने येऊन तोफेच्या पाठीवर हात ठेवला. आपल्या त्या एका वाक्याने ती गेली, हा विचार तोफेच्या मनातून जाईना. पाळकसाहेबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं तरी तो अधूनमधून वर यायचाच. सौदा तर फिसकटला होता. तोंड आवरायला आता काही कारण उरलं नव्हतं.

कामावर परतल्यावर थोड्याच दिवसांत त्याने एका ड्रायव्हरला सगळ्यांसमोर आईबहिणीवरून झाडलं. वर्कशॉपला बरं वाटलं. माणूस ठिकाणावर आला, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. पण तोफ हातातलं काम ठेवून उठला, भर उन्हात अख्खं आवार ओलांडून त्या ड्रायव्हरच्या बसपाशी गेला आणि खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "चुकलो." ड्रायव्हरच इतका घाबरला, की त्यानेही माफी मागून टाकली. पुढे हे नेहमीचंच झालं. शिव्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. प्रत्येक शिवीमागे तोफेची एक फेरी ठरलेली असायची. कधी स्टोअरपर्यंत, कधी कँटीनपर्यंत, एकदा तर साहेबांच्या केबिनपर्यंत. आधी लोक हसायचे. नंतर हसायचे थांबले.

एका संध्याकाळी तो घरी आला आणि चहा करायला उभा राहिला. दूध ऊतू गेलं, गॅसवर सांडलं, शेगडी विझली. त्याने हात घातला तिथे फडकं नव्हतं. दुसरीकडे बघितलं, तिथेही नव्हतं. त्याचा भडका उडाला. एक सणसणीत शिवी हासडून तो ओरडला, "कुठे ठेवलंस फडकं? एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

आतून उत्तर आलं नाही. दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं. त्याने शेगडीचं बटण बंद केलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, कोणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "चुकलो गं."

आणि खाली वाकून फडकं शोधायला लागला.