पट्टी दोनदा काढायची

"ताई, ही गाडी आहे की तेलाची बुधली?" मिस्तरींनी बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच विचारलं.

मी त्यांच्या गॅरेजमधल्या एका जुन्या टायरवर बसले होते. सकाळी दुकानात जायला निघाले, तर गाडीच्या मागून इतका निळा धूर निघाला की मागच्या सायकलवाल्यानं खोकत खोकत हात करून मला थांबवलं. मिस्तरींनी ऑइलची पट्टी काढून माझ्यासमोर धरली. पट्टीवर दोन खुणा असतात, एक खालची आणि एक वरची, आणि तेल त्यांच्या मध्ये असायला हवं. एवढं मला मी फ्रॉक घालायची तेव्हापासून माहीत आहे. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

"कमी झालं की इंजिन जातं, हे सगळ्यांना कळतं," मिस्तरी म्हणाले. "जास्त झालं तरी जातं, हे कोणी ऐकून घेत नाही. फेस होतो आत. ओतलं कोणी एवढं?"

"मीच."

"तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्या वडिलांना तीस वर्षं ओळखतात. पुढे काही न विचारता ते गाडीखाली सरकले आणि खालचा नट सैल केला. तेल बारीक धारेनं डब्यात पडू लागलं. धार पिवळी, स्वच्छ होती. त्या तेलातून ऊन आरपार जात होतं, आणि मी खुळ्यासारखी बघत बसले.

"कालपरवा ओतलेलं दिसतंय," खालून आवाज आला. "ताई, घरातला डबा लपवा. अजून पंधरा दिवस हेच चाललं, तर इंजिन उतरवावं लागेल. मग मला म्हणू नका."

बाबांनी सगळा जन्म फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. मोठी हिरवी गाडी, आत दोन्ही बाजूंना पुस्तकांची फळकुटं, आणि बाबांच्या शेजारच्या सीटवर वाचनालयाच्या बाई. गावोगाव जायचं, झाडाखाली गाडी लावायची, पुस्तकं द्यायची, घ्यायची. बाबांनी त्यातलं एकही पुस्तक वाचलं नाही. "मला गाडी वाचता येते, तेवढं पुरे," म्हणायचे. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर जायची आणि मागे पुस्तकांच्या गठ्ठ्यावर झोपायची. अर्धवट झोपेत इंजिनाचा आवाज, जुन्या कागदाचा वास, आणि पुढे बाबा नि बाई हळू आवाजात काहीतरी बोलतायत. मला अजूनही झोप येत नसली की मी तोच आवाज आठवते.

रोज गाडी काढायच्या आधी बाबा तेल बघायचे. बघायची पद्धत एकच. "पहिल्यांदा काढलेली पट्टी खोटं बोलते, ठमे. इंजिन फिरताना तेल उडतं, पट्टीला कुठेही लागतं. पुसायची, परत घालायची, परत काढायची. दुसऱ्यांदा दिसतं ते खरं."

बरं, हे गाडीपुरतं ठेवावं की नाही? आमच्या घरात प्रत्येक प्रश्न दोनदा. "पोट दुखतंय?" "नाही." मग जरा थांबून, तोच प्रश्न, त्याच सुरात. "पोट दुखतंय?" "हो." माझं लग्न ठरत होतं तेव्हाही, "मुलगा आवडला?" "हो." बाबांनी पाण्याचा पेला संपवला, खाली ठेवला. "आवडला?" "नाही, बाबा." विषय संपला. आई वैतागायची. "अहो, मी काय इंजिन आहे का? एकदा सांगितलं ना, डोकं दुखत नाही!" पण दुसऱ्या वेळेला तिचंही डोकं दुखायचंच.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असते, "आता बरं दिसतंय की आधी? परत सांगा." आई म्हणते, बापाचाच धंदा चालवतेस.

आमची छोटी गाडी बाबांनी नोकरीत असतानाच जुनी घेतली. तिचं तेल बदलायचं पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. बदललं की बाबा शेडच्या भिंतीवर पेन्सिलीनं किलोमीटर लिहायचे, आणि पुढे दोन-तीन शब्द. 'ठमीला नोकरी.' 'हिचं ऑपरेशन, बरी आहे.' 'आज निवृत्त.' दुसऱ्या कशाची त्यांनी कधी नोंद ठेवली नाही. शेवटच्या ओळीत नुसताच आकडा होता, शहाऐंशी हजार दोनशे. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

गेली दोन वर्षं बाबा विसरत चाललेत. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं, एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आजपासून तू." पण रोज सकाळी तेल बघणं चुकलं नाही. आता काही सकाळी मी ठमी असते आणि काही सकाळी वाचनालयाच्या बाई. ते कळायला सोपं आहे. मला 'तू' म्हणाले की मी मुलगी, 'तुम्ही' म्हणाले की बाई.

"बाई, पुस्तकं चढवलीत का तुम्ही?"

"चढवली."

"पाऊस येईलसं दिसतंय. ताडपत्री घ्या."

सुरुवातीला मी समजवायला जायची. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं. अंगणात कोवळं ऊन असायचं, बाबा ताडपत्रीबद्दल बोलत असायचे, आणि क्षणभर मलाही वाटायचं की शेडच्या मागे ती हिरवी गाडी उभी आहे, मागच्या गठ्ठ्यावर कोणीतरी लहान मुलगी झोपली आहे, आणि आपण आवाज न करता निघायला हवं. मग आई आतून ओरडायची, "अगं, डबा विसरलीस!" आणि मी चाळिशीची बाई व्हायची.

डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, ही कोण?" बाबा खणखणीत म्हणाले, "माझी मुलगी. ठमी." डॉक्टर खूश झाले, कागदावर काहीतरी लिहायला लागले. ते लिहीत होते तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि अगदी हळू, जणू मला ऐकू जाऊ नये म्हणून, आईला विचारलं, "ही कोण गं?"

मी तिथे हसले. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "तू आपली त्यांना कधी विचारत जाऊ नकोस. मी तर कानाला खडा लावलाय."

तर, मिस्तरींचं ऐकून मी तेलाचा डबा लपवला. आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे. "उद्या माझ्या साड्यांना इंजिनाचा वास आला तर बघ," आई म्हणाली, पण किल्ली तिनेच फिरवली.

सकाळी बाबा नरसाळं हातात घेऊन घरभर फिरले. ओट्याखाली, पलंगाखाली, न्हाणीघरात. कोणाला काही विचारलं नाही. मग अंगणात जाऊन उघड्या बॉनेटपुढे उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तर चहाकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, मला कामावरून काढलं का?"

"नाही हो. असं का म्हणता?"

"काढलं का?" त्यांनी परत विचारलं. "सांगा सरळ. मी भांडणार नाही. पण तीस वर्षं गाडी एकदा रस्त्यात बंद पडली नाही. तुम्ही समोर येऊन सांगायला हवं होतं. सामान लपवायचं नाही माणसाचं."

मी चहा पायरीवर ठेवला. मी आत गेले, साड्या बाजूला केल्या आणि डबा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. इंजिन गेलं तर जाऊ दे मसणात, मी बसनं जाईन, असं मनाशी म्हटलं. पण गाडी गेली की सकाळी बॉनेट कशाचं उघडणार, हेही तेव्हाच मनात आलं. बाबांजवळ आता तेवढं एकच काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघितलं. बाबांनी पट्टी काढली. फडक्यानं पुसली, नेहमीसारखी, मुठीपासून टोकापर्यंत, एका ओढीत. तेवढ्यात कुंपणावर एक पाखरू येऊन बसलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. पाखरू उडालं. बाबांनी खाली बघितलं, तर हातात पट्टी, लख्ख पुसलेली.

"अरेच्चा! कोरडी ठाक!" म्हणाले, आणि डबा उचलला.

मी कपाळावर हात मारला. म्हणजे तेल बघायला ते विसरले नव्हते, पुसायलाही विसरले नव्हते. पुसलंय, एवढंच विसरत होते! लोकांच्या डोळ्यांत बघण्यात माझा जन्म चाललाय आणि घरातलं एवढं दिसलं नाही. मी तशीच अनवाणी पळाले.

"बाबा, थांबा! फडकं माझ्याकडे द्या. मी पुसते, तुम्ही बघा."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "जमेल तुम्हाला?"

"शिकवा."

त्या दिवसापासून आमची रोजची दहा मिनिटं ठरली. बाबा पट्टी काढतात, मी पुसते, मोठ्यानं म्हणते, "पुसली. परत घाला." ते परत घालतात, काढतात, उजेडात धरतात. "बरोबर मध्ये," म्हणतात, आणि डबा जागच्या जागी राहतो. दुकानात मी रोज दहा मिनिटं उशिरा पोचते. मालक कुरकुरले. मी म्हटलं, गाडीचं तेल बघावं लागतं. "रोज?" ते म्हणाले. "रोज," मी म्हटलं. "दोनदा."

असं करता करता मागच्या तेलबदलाला सहा महिने झाले. पाच हजार व्हायला अजून बाराशे किलोमीटर बाकी होते, पण महिने आधी भरले. मिस्तरींनी तेल बदललं आणि जुनं तेल बोटांत चोळून म्हणाले, "आता कसं वेळेवर काळं झालंय! बाबांना सांगा, मिस्तरी खूश आहे." मी गाडी घरी आणली, सपाट जागेवर लावली, आणि तेल खाली बसायला दहा मिनिटं आम्ही दोघं पायरीवर बसलो. ऊन हळूहळू चाकापर्यंत आलं. मग उठलो. त्यांनी पट्टी काढली, मी पुसली, परत घातली, काढली.

"बरोबर मध्ये."

मी खिशातली पेन्सिल दिली. बाबांनी गाडीत वाकून किलोमीटर बघितले आणि भिंतीवर लिहिले. नव्वद हजार. आकडे सरळ आले. मग पेन्सिल तिथेच थांबली.

"पुढे काय लिहायचं असतं?"

"तुम्हाला जे वाटेल ते."

ते बराच वेळ भिंतीवरच्या जुन्या ओळी वाचत राहिले. 'ठमीला नोकरी' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला मानेनं नको म्हटलं, कारण मी काय करणार ते तिला माझ्याआधी कळतं. पण माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे.

"तू? तू ठमी. दुसरी कोण?" आणि भिंतीकडे वळून त्यांनी सावकाश लिहिलं, 'ठमी बरोबर असते.'

पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली आणि तसेच उभे राहिले, जरासे पुढे झुकून, मला माहीत असलेल्या त्या जुन्या सवयीनं वाट बघत. दारात आईही हलली नाही.

"विचार की परत," बाबा म्हणाले.

"नको बाबा. उशीर होतोय," मी म्हटलं, आणि बॉनेट लावलं.