कॅल्शियमची ओळ

धाकटीला प्रयोगशाळेत आणलं ते थोरलीनेच. पुढे ही गोष्ट ती स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगायची आणि दर वेळी तिच्या पोटात थोडं जास्तच दुखायचं.

दोघी जावा. थोरली चौदा वर्षं मेंदूच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. धाकटी घड्याळं दुरुस्त करायची. तिचं दुकान बंद पडलं आणि ती दोन महिने घरात नुसती बसून राहिली, तेव्हा थोरलीने मॅडमकडे, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, शब्द टाकला. "काचेची भांडी धुवायला माणूस हवंय ना? माझी जाऊ आहे. तिच्या हातून साधा पेला फुटलेला मी पाहिला नाही." मॅडमनी धाकटीला ठेवून घेतलं.

थोरलीला आपलं काम नातेवाइकांना समजावून सांगायला फार आवडायचं. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात बरं का. मध्ये बारीकशी फट असते. एकीतून वीज सळसळत टोकापर्यंत येते, पण ती फट काही तिला ओलांडता येत नाही. मग टोकाशी रसायन सुटतं, पलीकडची पेशी ते टिपते आणि तिच्यात पुन्हा वीज उठते. तुम्ही आत्ता माझं ऐकताय ना, तेसुद्धा असंच."

त्या पेशी प्रत्यक्ष बोलताना पकडणं हे तिचं काम. उंदराच्या मेंदूचा दोन-तीन कागदांच्या जाडीचा काप खारट द्रावणात जिवंत ठेवायचा. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक टोकाची काचनळी एका पेशीला टेकवायची. काचेला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून हलकेच हवा ओढायची, गरम चहाचा अंदाज घेताना ओढतो तेवढीच. जमलं तर पेशी काचेला घट्ट धरते आणि तिची वीज शेजारच्या स्पीकरमधून ऐकू येते. टक्. टक्-टक्. मग दुसरी नळी, दुसरी पेशी. पहिलीला डिवचायचं आणि दुसरी उत्तर देते का ते बघायचं. पन्नास जोड्यांत एखादीच बोलणारी निघायची. हे काम हाती आल्यापासूनच्या तीन वर्षांत थोरलीने अशा अकरा जोड्या मिळवल्या होत्या आणि त्या अकराही तिला तारखांसकट पाठ होत्या.

चार महिन्यांनी दुसऱ्या टेबलावरचा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला. मॅडमनी धाकटीला सहज म्हटलं, "बस बघू इथे." दुपारच्या जेवणाआधी धाकटीच्या काचेला पेशी चिकटली. थोरलीला त्याला सात महिने लागले होते.

"पहिल्या दिवशी लागतोच कोणाकोणाचा मटका," थोरली म्हणाली. "खरं काम पुढे कळतं."

पुढे कळलं ते असं, की दुसऱ्या आठवड्यात धाकटीला बोलणारी जोडी मिळाली. "इकडे या, इकडे या!" मॅडम ओरडल्या. पडद्यावर वरच्या रेषेत उंच टोक आलं आणि पापणी लवायच्या आत खालच्या रेषेला छोटासा उंचवटा. पुन्हा टोक, पुन्हा उंचवटा. धाकटी हात तोंडावर ठेवून हसत होती. "ताई, बघा ना, खरंच ऐकतेय हो ती!"

"छान," थोरली म्हणाली. आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा तिला वाटला.

महिनाअखेर धाकटीच्या चार जोड्या झाल्या. घर एकच, जेवण एकत्र. दिराला कौतुक आवरेना. "चार! वहिनी, तुम्हाला चार मिळायला किती दिवस लागले होते?"

थोरलीने पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. "आठवत नाही," ती म्हणाली. आठवत होतं. चौदा महिने.

रात्री नवरा म्हणाला, "तिला घड्याळांची सवय आहे गं. हात स्थिर झालेत तिचे."

"आणि माझे काय भूकंपात घडलेत?"

नवरा हसला. ती हसली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं तिच्या मनात आलं, आणि तो विचार तिला इतका आवडला की ती बराच वेळ तोच घोळवत पडली.

त्यानंतर मॅडम दोन आठवड्यांसाठी एका परिषदेला निघाल्या. जाताना त्यांनी सांगितलं, "आता आपापलं द्रावण आपण बनवायचं. हिला कृती लिहून दे." तोवर दोन्ही टेबलांचं द्रावण थोरलीच बनवत असे. तिने कागद घेतला. मीठ इतकं, साखर इतकी, बाकीचे क्षार अमुक तमुक, असं सुवाच्य अक्षरात लिहीत गेली. शेजारच्या खोलीत मॅडम धाकटीशी बोलत होत्या ते ऐकू आलं, "पुढच्या वर्षी नवं यंत्र येतंय. ते तुझ्याच ताब्यात देईन म्हणते."

त्या यंत्राची वाट थोरली पाच वर्षं बघत होती. त्याचं माहितीपत्रक तिच्या खणात होतं.

कागदावर एकच ओळ राहिली होती. द्रावणात वायूचे बुडबुडे पुरते सोडून झाले की सगळ्यात शेवटी कॅल्शियम घालायचं. आधी घातलं तर द्रावण गढूळ होतं. घातलंच नाही, तर दिसायला काहीच बिघडत नाही. पेशी जगतात, वीजही उठते. पण पेशीच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरल्याशिवाय तिथलं रसायन सुटत नाही. म्हणजे ती बोलू बघते आणि शब्द ओठांशीच अडतो. हे थोरलीला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तिने पेनाला टोपण लावलं आणि कागदाची घडी घातली.

"एवढंच ना, ताई?" धाकटीने विचारलं.

"एवढंच."

पहिल्या दिवशी धाकटीला एकही जोडी मिळाली नाही. त्यात नवल नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. तिच्या पेशी उलट जास्तच तडतडत होत्या. स्पीकरमधून सारखी टकटक चालायची आणि खालची रेषा मात्र सपाट. थोरली पाठमोरी बसून ते ऐकायची. आत कुठेतरी गार वाटायचं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. रोज संध्याकाळी दोघी एकाच बसने घरी यायच्या आणि उद्या तसाच पुढे ढकलला जायचा.

पाचव्या दिवशी धाकटी डोळे तपासून आली. डोळे ठीक होते. सातव्या दिवशी जेवताना तिने हात ताटावर धरून बघितला, थरथरतो का ते. दीर आता जोड्यांबद्दल काही विचारत नव्हता. आठव्या दिवशी ती थोरलीला म्हणाली, "ताई, माझ्यासाठी तुम्ही शब्द टाकलात आणि मी तुम्हाला खाली बघायला लावलं. मॅडम आल्या की सांगते, मला भांडीच धुवू द्या."

थोरलीला हेच हवं होतं ना? पण ती ताट अर्धंच टाकून उठली. त्यातून गंमत अशी, की त्या आठ दिवसांत तिला स्वतःलाही एक जोडी मिळाली नव्हती. तिच्या द्रावणात तर सगळं होतं.

नवव्या दिवशी धाकटी स्टूल ओढून तिच्या शेजारी येऊन बसली. "माझे काप तसेच ठेवून आलेय. तुमचं बघते. कुठे चुकतंय ते तरी कळेल."

नाही कसं म्हणणार? थोरली काम करत राहिली. बुडबुडे सोडून झाले. तिचा हात सवयीने फळीवरच्या छोट्या बाटलीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"ते काय आहे?" धाकटीने विचारलं.

थोरलीने हात मागे घेतला. धाकटीने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. मग खिशातून घडी पडून मऊ झालेला कागद काढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मागची बाजू उलटून बघितली.

"विसरलात लिहायला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. धाकटीने विश्वास ठेवला असता, वर तिलाच धीर दिला असता. ते डोळ्यांपुढे आलं आणि थोरलीला ते सहन झालं नाही.

"नाही," ती म्हणाली. "विसरले नाही."

धाकटी उठली. तिने बाटली उचलली, आपल्या टेबलाशी गेली आणि किती घालायचं ते मान न वळवताच विचारलं. थोरलीने सांगितलं. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या बसने घरी गेल्या. धाकटीला पुढच्या दुपारीच जोडी मिळाली. तिने कोणाला हाक मारली नाही. थोरलीने ते स्पीकरवरून ओळखलं, आणि काळजात पुन्हा तीच कळ उठली, जराही कमी नाही.

मॅडम परत आल्या, धाकटीची नोंदवही चाळली. "हे नऊ दिवस कोरे कसे?"

"मी कॅल्शियम घालायला विसरत होते," धाकटी म्हणाली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा? "खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली. "मी लिहून दिलं नव्हतं. मुद्दाम."

मॅडमनी वहीतली कोरी पानं एकेक करून उलटली. "नऊ दिवस," त्या शेवटी म्हणाल्या. "नऊ उंदीर. तुझ्या रागासाठी नव्हते ते." नोकरी राहिली, टेबल गेलं. थोरलीला काप करायच्या खोलीत बसवलं. पाती, बर्फ आणि उंदीर. रोज सकाळी पहिलं काम तिचं आणि त्या कापांवर दिवसभराचं काम धाकटीचं.

घरी कोणी काही बोललं नाही, कारण धाकटीने कोणाला काही सांगितलं नव्हतं. थोरलीने नवऱ्याला मात्र सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही. "तिची माफी मागितलीस?" एवढंच त्याने विचारलं. तिने मागितली होती, स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून. धाकटी "बरं" म्हणाली होती आणि ताटं पुसत राहिली होती.

मत्सर गेला का? नाही. नवं यंत्र आलं त्या दिवशी थोरलीने डोकेदुखीचं निमित्त काढून रजा घेतली. पण काप मात्र तिने कधी वाईट दिले नाहीत. तेवढं एक तिने स्वतःशी बजावून ठेवलं होतं.

एकदा सकाळी धाकटी कापांची बशी हातात घेऊन दारात आली. "आजचे जाड झालेत."

"अजिबात नाही," थोरली म्हणाली. "चौदा वर्षं कापतेय मी."

"मोजून बघा."

थोरलीने रागारागाने मोजलं. जाड होते. पातं सैल झालं होतं.

तिने पातं आवळलं आणि दुसरे काप कापायला घेतले. धाकटी दारात उभी राहून वाट बघत होती.