जुना बाप

केराबाईनं चौदा वर्षांत रविवारची मिस्सा एकदाही चुकवली नव्हती, आणि ते सोपं नव्हतं बरं का. सोलापूरच्या त्या चर्चमध्ये मन रमावं असं होतंच काय? पुढची बाकं रेल्वेच्या साहेबलोकांची. गिरणीवाल्यांना मागं चटई, तीही दारातल्या उन्हात. मिस्सा सगळी लॅटिनमध्ये. गोवेकर मास्तरांची पेटी दमेकरी. तिला धाप लागली की गाणारे थांबायचे आणि गाणारे थांबले की पेटी सुरू व्हायची. केराबाई सहा दिवस गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात उभी असायची, सातव्या दिवशी गुडघ्यांवर. चटईवरची तिची शेजारीण गोजाबाई सारखी म्हणायची, पलीकडच्या मिशनात जाऊ, तिथं तबला असतो, भजनं मराठीत असतात, चटईसुद्धा नवी आहे. केराबाईचं उत्तर ठरलेलं. देव जिथं भेटला तिथंच त्याला भेटायला जायचं. सोय बघून बदलायला तो काय गिरणीतला जॉबर-मुकादम आहे?

आणि देव तिला फुकट भेटला नव्हता. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, गुंडानं, बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्या बापानं तोंडावर दार लावलं होतं. बाप म्हणजे धुळा, सांगोल्याकडचा मेंढपाळ, एकदा बोलला की बोलला. बारा वर्षं त्यानं लेकीचं नाव काढलं नाही. पुढं गुंडा तापानं गेला. तिकडं धुळाची मेंढरं गेली, डोळे अधू झाले, आणि दोन वर्षांमागं एक शेळी आणि एक घोंगडी घेऊन म्हातारा लेकीच्याच दारात येऊन उभा राहिला. तिनं घेतलं आत. पण रोज संध्याकाळी त्याच्या ताटात भाकरी वाढताना ते बंद दार तिच्या डोळ्यांपुढं यायचं आणि भाकरी जरा जोरातच पडायची.

जुने फादर होते तोवर ती हे पाप दर महिन्याला चर्चमधल्या कबुलीच्या जाळीआड सांगायची. ते दहा वेळा 'नमो मारिये' ही प्रार्थना म्हणायला लावायचे आणि प्रकरण पुढच्या महिन्यावर जायचं. मग ते बदलून गेले आणि फादर रुपर्ट आले. जर्मनीतल्या कुठल्याशा डोंगरी मुलखातले, ताडमाड, पुण्याला पंडिताकडे सहा महिने मराठी शिकून आलेले, पण हा-ही-हे अजून अडखळत. आल्या आल्या शनिवारी संध्याकाळी केराबाई त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसली आणि म्हणाली की म्हाताऱ्यावरचा राग चौदा वर्षं पोटात आहे, जाता जात नाही.

जाळीपलीकडं फादर बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"मुली," ते म्हणाले, "हा बाप फार जुना आहे."

"व्हय," केराबाई म्हणाली. जुना होताच, सत्तरीच्या पुढचा.

"जुना बाप घरात ठेवला की त्याचा वास सुटतो. तो आजच हाकलून द्या. दारातसुद्धा येऊ देऊ नका."

केराबाईला दरदरून घाम फुटला. वास येत होता हे खरं, पण तो शेळीचा होता, आणि या बाबाला तो जाळीतून कसा कळला? तिनं क्रुसाची खूण केली आणि घरी आली. धुळा शेळीच्या कानात काहीतरी पुटपुटत बसला होता. म्हणाला, आज भाकरीला उशीर का? त्या दिवशी भाकरी ताटात अलगद पडली. राग होता तिथंच होता, पण म्हाताऱ्याला हाकलायचं? आणि तेही देवाच्या नावानं? मेले तरी नाही जमायचं, तिनं ठरवलं. मात्र फादरनं सांगितलेलं न ऐकता चर्चची पायरी कशी चढायची, हे काही तिला उमगेना.

म्हणून चौदा वर्षांत पहिल्यांदा रविवारी ती घरीच राहिली. घंटा झाली तशी भिंतीकडं तोंड करून बसली आणि माळ ओढायला लागली. पण मन सगळं चटईवर. ती दमेकरी पेटीसुद्धा आठवून तिला रडू आलं, आता बोला.

दुपारी गोजाबाई तणतणत आली. नवीन फादरनं आधी इंग्रजीत उपदेश केला, साहेबलोक हवा खायला बाहेर गेले, मग मराठीत सुरू झाला. प्रत्येकाच्या घरात एक बाप लपलेला असतो, म्हणाला. रोज झोपताना आठवा, म्हणाला, आज दिवसभरात किती बाप केले? बायकांनी लाजू नये, मोजून सांगावं! मायाप्पा जॉबर तिथंच उठला आणि धोतर सावरत निघून गेला, त्याच्यामागं चौघंजण गेले. चार बायकांत असं विचारतात का? गोजाबाई तर पुढच्या रविवारी तबल्याकडं जाणार होती.

आता तुम्ही म्हणाल, इतकी साधी गोष्ट एकाच्याही लक्षात कशी आली नाही? अहो, बाप काढल्यावर सोलापुरात पुढचं वाक्य ऐकायला थांबतंय कोण? केराबाईला मात्र वेगळंच कळलं. म्हणजे हा सगळ्यांच्याच बापांवर उठलाय.

दुसरा रविवार गेला. आता गंमत बघा, ज्या म्हाताऱ्यानं दोन वर्षं त्या घंटेला शिव्या घातल्या, त्यालाच घंटा होऊन लेक घरात हे सोसेना. तुझा देव काय गावाला गेलाय का, म्हणून तो टोचायला लागला. पाय दुखतात, असं ती सांगायची. खरं कारण कसं सांगणार?

तिसऱ्या रविवारी दुपारी फादर रुपर्ट स्वतःच सायकलीवरून आले. ऊन मरणाचं. चटईवर आता पाचसात माणसंच उरली होती, आणि गेलेल्या एकेकाच्या घरी जाऊन ते विचारत होते. केराबाई दारात आडवी उभी राहिली. तिथूनच म्हणाली.

"फादर, मी आबाला सोडनार न्हाय. आन् देवाला बी सोडनार न्हाय. कसं बसवायचं ते तुमीच बसवा."

फादरना काही समजेना. ते दुःखानं म्हणाले, "अरे, बाप तर सगळ्यांनी सोडायलाच हवा!"

आत बाजेवर धुळा हे ऐकत होता. डोळे अधू झाले तरी कान मेंढक्याचे. त्यानं चाचपडत घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "केरा, माजी शेळी सोड. माज्यापायी तुजा देव नगं तुटाया."

केराबाईनं त्याचा हात घट्ट धरला.  फादरचा घसा उन्हानं कोरडा पडलेला. शेवटी ते अवघडून म्हणाले, "थोडं बाणी मिळेल?"

धुळा थबकला. "काय मागतोय त्यो?"

"बाणी," फादर म्हणाले आणि ओंजळ तोंडाशी नेली.

म्हाताऱ्यानं घोंगडी खाली ठेवली. चाचपडत शिंक्यातली भाकरी काढली आणि त्यांच्यापुढं धरून विचारलं, सायेब, ह्याला काय म्हणता?

"पाकरी."

"आन् ढगातनं पडतंय ते?"

"बाऊस," फादर म्हणाले.

धुळा जो हसायला लागला तो खोकल्यावर जाऊनच थांबला. "अगं येडे, ह्या बाबानं कोकरं अदलाबदल केल्याती! पच्या जागी ब, बच्या जागी प. पाण्याला बाणी म्हनतोय, मग पापाला काय म्हनंल?"

फादरना उमगायला वेळ लागला. उमगलं तसे ते उंबऱ्यावरच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या डोंगरात ही दोन्ही अक्षरं एकाच गोठ्यात असतात, असं काहीसं ते सांगू लागले. लोकांना मीच नको आहे असं वाटलं होतं, म्हणाले, परत बोलवा म्हणून वरिष्ठांना पत्रसुद्धा लिहून ठेवलंय. केराबाईनं त्यांना तांब्या दिला. बिचारे घटाघटा प्याले.

म्हणाले, रविवारी याल का? तिनं विचारलं, ती पेटी नीट होणार हाय का? फादरनी प्रामाणिकपणे मान हलवली, नाही. चटई? तीही नाही. "मग बी येते," केराबाई म्हणाली.

इथंच सगळं गोडीनं संपलं असतं. पण धुळाच्या कानातून काही निसटत नसे.

"मंजी तुला त्यानं पाप सोड म्हनलं व्हतं," तो म्हणाला. "कसलं पाप सांगितलंवतंस, केरा?"

 केराबाई शेळीकडं बघत म्हणाली, "तुमी दार लावलंवतं. आमी दोगं भाईर हुबं व्हतो, आन् तुमी आतनं कडी घातली. त्येचा राग हाय, आबा. अजून हाय."

 म्हातारा नख भाकरीत रुतवत बसला.

"कडी घातली खरी," तो म्हणाला. "पर मी बी तितंच बसलोतो, दाराला पाठ लावून. तुमची पावलं लांब जाईस्तोवर ऐकत व्हतो."

केराबाईनं पदर तोंडाला लावला. चौदा वर्षं ती त्या दाराच्या एकाच बाजूला उभी होती.

फादर उठले. त्यांनी दोघांवर हात धरला आणि, फार जपून, ओठ आधी मिटून मग उघडून, तुमच्या अमक्याला क्षमा झाली, शांतीनं राहा, असं म्हणाले. मग सायकल घेऊन निघून गेले.

"आता काय म्हनला त्यो?" धुळानं विचारलं. "पाप का बाप?"

"दोनी," केराबाई म्हणाली, आणि शेळीला पाणी दाखवायला उठली.