पाठीवरचे पट्टे

मित्रांनो, मी एक जुना निळा कोट आहे. आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. कात्री दिसली की माझं धाबं दणाणतं. कपाटाचं दार जोरात उघडलं तरी वाटतं, आली आपली वेळ. हसू नका. माझ्या शेजारी लटकणाऱ्या करड्या स्वेटरचं पायपुसणं झालेलं मी पाहिलं आहे. अजूनही तो मोरीच्या दारात पडलेला असतो, आणि त्याच्या बाहीची शिवण मला लांबूनही ओळखू येते.

पण जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. एका शिंपीकाकांनी मला दोनदा गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघितलं आणि तिसऱ्यांदा शिवून पुरं केलं. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि बोलणं त्या टाचण्यांच्या फटीतून. "खांदा नीट बसला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो," असं ते म्हणायचे. ज्यांच्यासाठी मला शिवलं, त्यांना मी आमचे मास्तर म्हणतो. ते एका लिफ्टच्या कंपनीत नव्या मेकॅनिकांना शिकवतात. मला घालून ते फळ्यापुढे उभे राहिले की मागच्या बाकापर्यंत आवाज जायचा. लोक म्हणायचे, "काय कोट आहे हो!" तेव्हा मला खरंच कसलीच भीती वाटत नव्हती.

मग कंपनीनं सगळं शिकवणं घरून सुरू केलं. चार वर्षं! मास्तर संगणकापुढे बसायचे. वरती मी, शर्ट, विंचरलेले केस, आणि खाली गुडघ्याला फुगलेला पायजमा. वर्ग संपला की बसल्या बसल्याच बाह्या काढायचे आणि मला खुर्चीच्या पाठीवर सोडून उठायचे. कपाटात परत कोण ठेवतंय? खुर्चीमागे लगेच खिडकी होती, मधे माणूस शिरायला जागा नव्हती. त्या खिडकीला लाकडी पट्ट्यांचा पडदा. रोज सकाळी ऊन त्या फटींतून माझ्या पाठीवर पडायचं. मला ऊब आवडायची. मी मूर्खासारखा पाठ शेकत बसलो.

एका रात्री पडदा वर ओढलेला होता, मागच्या खिडकीच्या काचेत मला माझी पाठ दिसली आणि काळजात धस्स झालं. निळा, फिकट, निळा, फिकट. खांद्यापासून खालपर्यंत आडवे पट्टे! पुढून मी कोराच्या कोरा, आणि मागून चुलीवर भाजल्यासारखा. मास्तरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर पाठ कुणाला दिसते?

आणि एके दिवशी कंपनीचा निरोप आला. सोमवारपासून सगळ्यांनी कचेरीत यायचं, पोशाख 'स्मार्ट कॅज्युअल'.

मास्तरांनी तो निरोप तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचून त्यांनी माझी सगळी बटणं लावली आणि पुन्हा काढली. तेव्हा मला कळलं, या घरात भित्रा मी एकटाच नाही. चार वर्षं ते माणसांपुढे उभेच राहिले नव्हते. त्या सोमवारी ते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. वर्ग दुसऱ्यानं घेतला. कंपनीनं पुढचा सोमवार दिला आणि वर सांगितलं की याही वेळी जमलं नाही तर वर्ग कायमचा दुसऱ्याकडे जाईल.

मग आदल्या रविवारी त्यांच्या लेकीनं सूत्रं हातात घेतली. ती दुसऱ्या गावी राहते, म्हणून फोनवरूनच.

"बाबा, फोन आरशाला टेकव. आता एकेक घालून दाखव. पलंगावर तीन ढीग कर. ठेवायचे, द्यायचे आणि फडक्यांचे."

फडक्यांचे! मित्रांनो, तो शब्द ऐकून मी जीव मुठीत धरून बसलो.

"आणि हे स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नक्की काय गं?" मास्तरांनी विचारलं.

"नीटनेटकं, पण लग्नाला निघाल्यासारखं नाही. टाय काढ. ती चकाकणारी पँट फडक्यात. आजच दोन साध्या पँट, तीन शर्ट नवे घे, आणि अंगाला बसतील असे, तंबू नकोत!"

बघता बघता ढीग वाढत गेले. तपकिरी पँट गेली. पिवळा शर्ट गेला, बिचारा एकदाही उसवला नव्हता. आणि मग मास्तरांनी मला कॉलर धरून उचललं. मी प्रार्थना केली, वळू नका, वळू नका. ते आरशापुढे उभे राहिले, फोनही तिथेच, समोरून.

"वा! हा ठेव," लेक म्हणाली. "यात तू मूळचा बाबा दिसतोस."

मी वाचलो! पण आनंद फार तर पाच मिनिटं टिकला. ठेवायच्या ढिगात सर्वांत वर बसल्यावर डोक्यात आलं, उद्या मास्तर फळ्यावर लिहायला वळणार. वीस पोरं मागे बसलेली. त्यांना काय दिसणार? माझी पाठ! कोणीतरी खिदळणार, मास्तरांना ते ऐकू येणार, आणि हा माणूस पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही. मला ओरडून सांगायचं होतं, टाका मला फडक्यांत. पण खरं सांगतो, तोंड असतं तरी मी सांगितलं असतं का, कुणास ठाऊक. फडक्याची भीती मोठी असते.

सोमवारी सकाळी मास्तर दाराशी उभे होते. नवी पँट, नवा शर्ट, वर मी. त्यांनी कडीला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला. त्यांची बायको नर्स आहे, तीही कामावर निघाली होती. जाता जाता तिनं खांद्यावरचा धागा झटकला आणि तिचा हात माझ्या पाठीवर थांबला.

संपलं, मी म्हटलं.

तिनं मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, किती उकडतंय! आज कोट राहू द्या ना. शर्ट छान दिसतोय."

मास्तरांनी माझी कॉलर घट्ट धरली. "नको. याच्याशिवाय मला उभंच राहता येणार नाही."

"बरं बाई. मग निदान हातावर घ्या, घामानं खराब होईल." तिनं मला उतरवलं, पाठ आत जाईल अशी घडी घातली आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "वर्गात गेल्यावर खुर्चीला अडकवा. समोर असला म्हणजे झालं."

मास्तर जिना उतरले. या वेळी पुरता उतरले.

वर्गात पोरांकडे बघतच त्यांनी मला टेबलामागच्या खुर्चीला अडकवलं. खुर्चीचं तोंड पोरांकडे, पाठ फळ्याकडे. पोरांना माझी पुढची बाजू दिसत होती. बरं झालं, असं मी म्हणतोय तोवर मास्तर फळ्याकडे गेले. त्यांनी लिहिलं, 'पहिला नियम'. पेन खाली ठेवायला वळले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

पेन हातातच राहिलं. माझ्या पट्ट्यांवरून त्यांचे डोळे वरून खाली गेले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. आता पळणार, मला वाटलं. माझ्यामुळे!

"सर, पहिला नियम काय?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

मास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं. "लिफ्टचा पोलादी तारांचा दोर पुढून चकचकीत दिसतो. तारा मागच्या बाजूनं तुटलेल्या असू शकतात. म्हणून दोर चहूबाजूंनी बघायचा. हा नियम मी बावीस वर्षं शिकवतोय." मग त्यांनी मला उचललं आणि माझी पाठ सगळ्यांकडे करून धरलं. "आणि हा माझा कोट. काल आरशात पुढून बघून पास केला!"

मी मेलोच, असं वाटलं. वर्ग हसला. पण मित्रांनो, सर्वांत मोठ्यानं हसले ते मास्तर, आणि त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

संध्याकाळी ते मला घेऊन थेट शिंपीकाकांकडे गेले. काकांनी कात्री काढली. मी बेशुद्धच पडायचा बाकी होतो. त्यांनी माझी पाठ उसवली, दोन्ही तुकडे उलटे केले आणि आतली कोरी बाजू बाहेर घेऊन परत शिवली. दुखलं. पण फडकं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता मी कपाटात हँगरवर असतो, उन्हापासून लांब. भित्रा मात्र तसाच आहे. म्हणून घाबरतच एक विनंती करतो. कपडा ठेवताना, टाकताना, त्याला एकदा फिरवून बघा. आणि घरातलं कुणी दाराशी अडखळून उभं असेल, तर त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा.

पट्टे गेलेले नाहीत. ते अस्तराच्या आत आहेत, मास्तरांच्या पाठीला लागून. आणि घरातून निघताना मास्तर आता जिन्यापाशी थांबत नाहीत.