उंदीरमारीचा डोंगर

झुंबरबाईला त्या पाल्याचा वासच सहन व्हायचा न्हाई. शी! नावच उंदीरमारी! डोंगराची माती वाहून जाती म्हणून सगळ्या उतारावर हीच झाडं लावली, आन वरून चराईबंदी. ग्रामसभेत सगळ्यात आधी हात वर केला तो हिनंच. का, तर सख्खा दीर सरपंच! "वैनी, झाडं मोठी होईस्तोवर दम धरा, मंग डोंगर तुमच्याच शेळ्यांचा," असं कल्याण म्हणला व्हता.

माती थांबली, खोटं कशाला बोला. पाणीबी वाढलं. पण कुणाच्या विहिरीला? पायथ्याच्या कल्याणच्या! त्याची मोसंबी तरारली, झाडांचा पालाबी खत म्हणून त्याच्याच बागेत. आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय. सावलीखाली गवत मेलं. उंदीरमारीला शेळ्या नुसतं हुंगायच्या आन तोंड फिरवायच्या. गावातल्यांनी शेळ्या मोडल्या. झुंबरबाईच्याबी एकेक करून टेंभुर्णीच्या बाजारात गेल्या. राहिला एक बोकड, तोबी अंगणात बांधलेला, शेवग्याच्या पाल्यावर.

त्या दिवशी सकाळीच कल्याण दारात उभा. "वैनी, डोंगर बघायला फारेस्टचे साहेब यायलेत. बोकड द्या, पैसे रोख देतो. आन जेवताना खालची पट्टी चराईला उघडायची गोष्ट काढतो. साहेबांच्या शब्दाबिगर ते होत न्हाई."

झुंबरबाईचा जीव खालीवर झाला. बोकड गेला तर दावणीला काहीच न्हाई. पण पट्टी उघडली तर त्याच पैशात दोन शेळ्या येतील, पुन्हा बस्तान बसंल. तिनं दावं सोडून भाऊजींच्या हातात दिलं.

दुपारी मोसंबीच्या बागेत पंगत बसली. साहेब नळी चोखत व्हते, रस्सा मनगटापर्यंत आल्ता. "वा! काय चव आहे! डोंगरावर चरलेला दिसतोय."

"तर! अस्सल गावरान," कल्याण म्हणला.

पंगतीला भाकरी वाढणाऱ्या झुंबरबाईनं ते ऐकलं. जनाची न्हाई तर मनाची तरी! कल्याण काही विषय काढंना, तव्हा पदर सावरून तीच पुढं झाली. "साहेब, तेवढी खालची पट्टी चराईला उघडा की."

साहेबांनी कल्याणकडं पाह्यलं. "काय हो सरपंच? डोंगरावर चारण्यासारखं जनावर गावात आहे का काही?"

"कुठं साहेब! सगळ्यांनी मोडून टाकलं. शेवटचं एक जनावर व्हतं, ते तुमच्या ताटात हाय."

सगळी पंगत खदखदून हसली. "मग राहू द्या बंदी कायमची," म्हणत साहेबांनी भाकरी मोडली.

"थू तुमच्या जिंदगानीवर!" झुंबरबाई म्हणली, आन पंगतीच्या मधोमध थुंकली.

कल्याणनं मान फिरवली. "रस्सा आणा रे जल्दी," तो म्हणला, "साहेबांची वाटी रिकामी हाय."