ऐकू येईल एवढी फट

मिस्त्रीला ऐकू कमी येतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं मात्र मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. त्याने आपल्या परीने बंदोबस्त चोख ठेवला होता. गिऱ्हाईक आलं की तो स्वतःच बोलायला लागायचा आणि समोरच्याला तोंड उघडू द्यायचा नाही. तरीही कोणी मध्येच काही विचारलंच, तर इंजिनाकडे बघत "बघू, बघू" म्हणायचा. बघू हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, अशी त्याची समजूत होती. एकदा बायकोने विचारलं, "भाजीत मीठ जास्त झालंय का हो?" त्यावर तो "सोमवारी बघू" म्हणाला, तेव्हा ती हसली नाही.

डॉक्टरने केव्हाच सांगितलं होतं, कानाच्या आतलं हाड आखडलंय, यंत्र लावा. पण कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? त्याने सगळं नाव कानावरच कमावलेलं. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस, असं लोक म्हणायचे. फट मोजायचं डायल गेज मोडलं तेव्हा त्याने नवं घेतलंसुद्धा नाही, एवढी घमेंड.

आणि आता हा ट्रॅक्टर. नर्सरीवाल्या बाईंनी वडलांच्या वेळचा, वर्षानुवर्षं गंजत पडलेला ट्रॅक्टर हौसेने त्याच्याकडे आणून टाकला होता. मिस्त्रीने जीव ओतून काम केलं. इंजिन शहाण्या मुलासारखं चालायला लागलं. पण मागची गिअरपेटी हट्टाला पेटली. गिअर टाकला, की मागून खाडखाड. बाई दोनदा घेऊन गेल्या आणि दोनदा परत घेऊन आल्या. बाई सभ्य. दुसऱ्या खेपेला खालच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. मिस्त्रीला शब्द ऐकू आले नाहीत, चेहरा मात्र नीट कळला.

त्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "सोमवारी ट्रॅक्टर नीट चालला नाही, तर शेडची चावी सिमेंटवाल्याला देऊन टाकू. तसं त्याला सांगून आलोय." शेजारच्या सिमेंटवाल्याचा गोदामासाठी त्या शेडवर कधीपासून डोळा होता. मिस्त्री हे चिडून म्हणाला असता, तर बायकोने कानाआड केलं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, म्हणून ती घाबरली आणि तिने नणंदेला निरोप धाडला.

मिस्त्रीची धाकटी बहीण दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. डोक्यावर निम्मे केस पांढरे झाले, तरी घरात तिला बारकीच म्हणत. रविवारी ती आली ती वहिनीशी दोन शब्द बोलून थेट शेडमध्ये.

ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला, मागची पेटी उघडी. आत परातीएवढं दातेरी चाक आणि त्याला भिडलेलं छोटं गिअर.

"आ वासून बसलाय की बिचारा," बारकी म्हणाली आणि पिशवीतून निळ्या कागदाची पट्टी काढली. दवाखान्यात कवळी नीट बसते का बघायला पेशंटच्या दातांत धरतात, ती. तिने ती चाकांच्या दातांमध्ये धरली आणि मिस्त्रीला चाक फिरवायला खुणावलं. प्रत्येक दातावर बरोबर मध्यावर निळा ठिपका उमटला.

"चावा तर झकास आहे," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "मग वाजतंय कशाने?"

"फटीने. दोन दातांत केसभर फट लागते. कमी झाली तर तापतं, जास्त झाली तर आपटतं." त्याने खिळ्याला ओवून ठेवलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या दाखवल्या. "या शिमा. डावीकडची एक काढून उजवीकडे घातली, की मोठं चाक तेवढंच सरकतं."

"आणि केसभर झाली हे कळतं कसं?"

"टक होतं. हे बघ." त्याने छोटं गिअर घट्ट धरलं आणि मोठं चाक हलवलं. "ऐकलंस? कसं बारीक."

बारकीने ऐकलं. कोणीतरी रागाने कपाटाचं दार लावावं, तसा आवाज होता. तिने पुन्हा हलवायला लावलं. पुन्हा तेच. मग ती त्याच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दादा, शर्ट उलटा घातलायस." मिस्त्री मन लावून चाक पुसत राहिला.

ती वळसा घालून समोर आली. "दादा, तू फट अगदी नेमकी ठेवलीस. पण तुला ऐकू येईल एवढी ठेवलीस."

मिस्त्रीच्या ओठांवर बघू आलं, ते तिथेच राहिलं. त्याला आठवलं. पहिल्यांदा टक ऐकूच आला नव्हता, म्हणून त्याने एक शिम बदलली, मग आणखी एक, आणि छान नाजूक टक आला तेव्हा तो स्वतःवर खूश झाला होता. म्हणजे पहिली फटच बरोबर होती. आपल्या हातांनी आपण ती बिघडवली. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

"मग संपलंच की," तो विटांच्या ढिगावर बसत म्हणाला. "सिमेंटवाल्याला आजच बोलव."

बारकीने त्याची समजूत घातली नाही. "तो लांब स्क्रू-ड्रायव्हर घे. लाकडी मुठीचा."

"तो कानाला लावून झालाय माझा. काही उपयोग नाही."

"कानाला नाही, दातांत धर."

"तुला वेड लागलंय."

"असेल. माझ्याकडे म्हातारी माणसं येतात. माझं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, पण नवी कवळी वाजली की म्हणतात, डोक्यात घण पडतायत. हाडातून पोचतं ते. तुझ्या मागच्या दाढा अजून तुझ्याच आहेत ना? माझ्याकडून तरी करून घेतलेल्या नाहीत."

मिस्त्रीने टोक पेटीच्या लोखंडाला टेकवलं आणि मूठ दाढांत धरली. जुन्या लाकडाची आणि तेलाची चव आली. बारकीने चाक हलवलं.

ठाक.

तो दचकून मागे सरला. इतका स्वच्छ आवाज त्याने किती वर्षांत ऐकला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा मोठा?" असं तो मूठ न सोडताच म्हणाला, ते "एओआ ओआ" असं बाहेर पडलं आणि बारकीला हसू आवरेना.

मग दोघं कामाला लागली. चाकाच्या आसावरची लोखंडी टोपी सैल करायची, उजवीकडची शिम डावीकडे, टोपी आवळायची, मूठ दाढांत, चाक हलवायचं. ठाकचा टक झाला, टक बारीक होत गेला. शेवटी बारकी म्हणाली, "गेला रे आवाज. जास्तच घट्ट झालं."

तिच्या ओठांकडे बघून मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर तोंडातून काढला. "आहे," तो म्हणाला. "तुला ऐकू येत नाही."

सोमवारी नर्सरीवाल्या बाईंनी स्वतः ट्रॅक्टर शेडभोवती फिरवला. गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. मागून खाडखाड नाही. मिस्त्री तिकडे बघत उभा असतानाच सिमेंटवाला आला आणि काहीतरी पुटपुटला. दारात बायको उभी होती, बाई ट्रॅक्टर थांबवून उतरत होत्या. बघू म्हणायची सगळी सोय होती.

"मोठ्याने बोला," मिस्त्री म्हणाला. "मला ऐकू कमी येतं."

सिमेंटवाला गडबडला. "चावी," तो ओरडला, आणि अख्ख्या गल्लीने ते ऐकलं.

"चावी नाही मिळायची. शेडमध्ये काम असतं."

आता बाई काय म्हणतात, या धाकाने मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं. त्या चालत त्याच्या अगदी समोर आल्या आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या भावाकडेही असाच एक पडून आहे, मिस्त्री. बघाल?"

"बघतो काय," मिस्त्री म्हणाला, "उद्याच आणा."